आघाव मॅडमचा लिंब

"टाय काढता का कापू?"

आघाव मॅडमचं माझ्याशी झालेलं हे पहिलं बोलणं. मी बीडच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. नवा शर्ट, नवा टाय आणि प्राचार्यांनी पहिल्याच आठवड्यात गळ्यात मारलेली पोरांची रोबोटिक्स टीम. टीमचं काम चालायचं वर्कशॉपमध्ये. मी आपला ऐटीत वर्कशॉपच्या दारातून आत निघालो, तर समोर ठेंगणी, रुंद हाडाची बाई पत्रा कापायची कात्री घेऊन उभी. अंगात खाकी ॲप्रन, पायात जाडजूड बूट, केस पार आवळून टोपीखाली कोंबलेले.

"मी नवीन सर आहे," मी म्हणालो.

"आसाल की. मी कुठं न्हाई म्हणले? टाय काढता का कापू?"

मी टाय काढला. तो आजतागायत पुन्हा घातलेला नाही. माझ्या लग्नात सासऱ्यांनी हौसेनं सूट शिवला होता, त्यावरही मी टाय घालायला नकार दिला आणि बायको त्याबद्दल अजून टोमणे मारते. तिला काय सांगणार? गळ्याला काही गुंडाळलं की मला कात्रीच दिसते.

आघाव मॅडम वर्कशॉपच्या प्रमुख. मूळच्या नांदूरघाटच्या, घरची जमीन ऐसपैस, भाऊ गावच्या राजकारणात. त्यानं एकदा बहिणीला सरपंचपदाला उभं करायचं ठरवलं होतं म्हणे. मॅडमनी त्याला निरोप पाठवला, "मी हितं सरपंच हायच. हितं इरोधी पार्टी न्हाई, निवडणूक न्हाई. कावून ईऊ तिकडं?" त्यांच्या तरुणपणी मुलींनी मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा नसतो, असं घरात सगळ्यांचं मत होतं. मॅडमनी तो केला, आणि वर शेतातल्या पाण्याच्या मोटारी स्वतः उघडून पुन्हा बसवून सगळ्यांची तोंडं बंद केली. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि चांगल्या रंगवून सांगायच्या. नम्रपणा हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. "या जिल्ह्यात लेथ मशीन माझ्यावानी कुणी चालवून दाखवावी," असं त्या पाहुण्यांच्या तोंडावर म्हणायच्या, आणि पाहुणे मुकाट्यानं चहा प्यायचे.

वर्कशॉपच्या दाराशी जमिनीवर पिवळा पट्टा रंगवलेला होता. पट्ट्याच्या अलीकडं भिंतीवर लाकडी फळी, तिला ओळीनं खुंट्या. सकाळी पोरं पट्ट्यापाशी आली की मॅडम आतून हाळी द्यायच्या, "गळा, हात, केस!" की प्रत्येकानं गळा मोकळा करायचा, मनगटं मोकळी करायची, केस टोपीत घालायचे आणि जे काय निघेल ते आपापल्या खुंटीला अडकवायचं. त्या फळीवर काय काय लटकलेलं असायचं! चेन, ताईत, काळे दोरे, कडी, मैत्रीचे पट्टे, मुलींच्या ओढण्या, बांगड्यांचे जुडगे, एका पोराच्या आईनं दर्ग्यावरून आणलेला हिरवा गंडा. एखाद्या नवसाच्या झाडासारखी ती फळी दिसायची. वर्कशॉप सुटताना दुसरी हाळी, "बोटं!" मग सगळ्यांनी दोन्ही हात वर करून दहाही बोटं फाकवून दाखवायची. मॅडम एकेकाकडं खरोखर बघायच्या. "आईबापानं जितकी देऊन पाठवलीत तितकी घरी न्यायची. एक जरी कमी भरलं तर मला तोंड दाखवू नका," म्हणायच्या आणि मग सोडायच्या.

पहिल्या खुंटीवर त्यांचं स्वतःचं मंगळसूत्र असायचं. रोज, सगळ्यांच्या आधी. यावरून एकदा घरात महाभारत झालं. कुणीतरी त्यांच्या सासूच्या कानावर घातलं की तुमची सून कॉलेजात जाऊन मंगळसूत्र खुंटीला टांगती. सासूबाई तडक रिक्षा करून वर्कशॉपवर हजर. मी तेव्हा आतच होतो. मला वाटलं, आज काही खरं नाही. मॅडमनी सासूला पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "आत्याबाई, तुमचं पोरगं घरी धडधाकट हाय. माझा गळा त्या मशीनमधी गेला तर त्याला दुसरी बघावी लागंल. या वयात त्याला कोण देतंय पोरगी?" सासूबाईंनी मशीनकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, आणि काय विचार केला देव जाणे, पण जाताना पोरांना दम भरून गेल्या, "ती खुंटी कुणी हलवू नका रे, सोन्याची वस्तू हाय."

मॅडमची पोरांवर माया होती, पण ती कधी मऊ शब्दांत यायची नाही. आमच्या टीममध्ये माउली म्हणून एक मुलगा होता. खरं नाव ज्ञानेश्वर, पण त्याला त्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. गळ्यात तुळशीची माळ. आईला शब्द दिलेला की जिवंत असेतोवर काढणार नाही. पहिल्या दिवशी तो पट्ट्यापाशी उभा राहिला तो उभाच राहिला. डोळ्यांत पाणी. पोरं कुजबुजायला लागली. मला वाटलं, मॅडम आता कात्री काढतात. त्या त्याच्यापाशी गेल्या.

"आईला शब्द दिलाय?"

"हो मॅडम."

"मग मोडू नकोस. पर मशीनला तुझी आई ठाऊक न्हाई. फिरणाऱ्या कुठल्याच मशीनच्या जवळ तू जायचं न्हाई, आज न्हाई अन् कधीच न्हाई. त्या कोपऱ्यात टेबल टाक, वायरी जोडायचं काम तुझं. चालंल?"

माउलीला चालण्यासारखंच होतं. दोन वर्षांत त्यानं असा हात बसवला की त्यानं जोडलेली वायर कुणी सुटलेली पाहिली नाही. आणि दोन वर्षांत तो ड्रिल मशीनच्या आसपास एकदाही दिसला नाही. मध्ये एकदा दुसऱ्या पोरांनी त्याला "अरे माळ शर्टात घाल की" म्हणून भरीला पाडलं होतं, तर मॅडमनी त्या भरीला पाडणाऱ्यांनाच लिंबाखाली बसवलं.

आता हा लिंब. वर्कशॉपच्या दारासमोर कडुनिंबाचं मोठं झाड आहे. आमच्याकडं त्याला लिंबच म्हणतात. बुडाशी दगडाचा कट्टा, शेजारी पाण्याचा माठ. मॅडमचा सगळ्यात जहाल नियम या झाडाशी बांधलेला होता. वर्कशॉपमध्ये एक शब्द उच्चारायला बंदी होती. तो शब्द म्हणजे "जरासंच".

"मॅडम, जरासंच छिद्र पाडायचंय, चष्मा कशाला?" "जरासंच घासायचंय, शिकंज्यात कावून धरू, हातात धरतो की." हा शब्द कानावर पडला रे पडला की मॅडम कुठंही असोत, बोट दाराकडं. "लिंबाखाली!" मग त्या पोरानं हातातलं काम आहे तिथं ठेवायचं, बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचं, पाणी प्यायचं आणि ज्यानं बाहेर धाडलं त्यानंच "ये आता" म्हणेस्तोवर उठायचं नाही. स्वतःहून उठलं तर त्या दिवसाचं काम संपलं. पोरांनी सुरुवातीला चेष्टा केली, मग राग धरला, मग सवय झाली. आणि गंमत म्हणजे धाडायचा अधिकार मॅडमनी स्वतःपाशी ठेवला नव्हता. ज्याला ऐकू येईल त्यानं धाडायचं. पहिल्या वर्षाच्या पोरानं शेवटच्या वर्षाच्या पोराला धाडायचं. मलाही धाडलंय. एका चिमणीएवढ्या पोरीनं, जी वर्गात माझ्यासमोर तोंड उघडायची नाही, तिनं मला "सर, लिंबाखाली" म्हटलं, आणि मी सरळ जाऊन बसलो. काय करता?

"धडा मशीन चालवायचा न्हाईच मुळी," मॅडम एकदा कट्ट्यावर माझ्याशेजारी बसून भाकरी-ठेचा खाताना म्हणाल्या. "मशीन कुणीबी चालवतंय. दुसऱ्याला 'थांब' म्हणायला जीभ उचलत न्हाई, तिथं बोटं जातेत. आपल्याकडं मोठ्या माणसाला थांब म्हणायचं म्हणजे लई मोठं पाप. पोरं मुकी बसतेत अन् बघत ऱ्हातेत."

ज्यांना जीभ उचलायला सगळ्यात जड गेलं त्यांत रेणुका होती. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे. ती कॉलेजच्या वसतिगृहात राहायची. पहिल्या दिवशी एक पोरगा करवतीनं लोखंडी पट्टी कापत होता, बाकीची पोरं त्याच्या अंगावर वाकून बघत होती, आणि ही हातभर नव्हे, चांगली दोन-तीन हात लांब उभी.

"कावून एवढ्या लांब? भ्या वाटतं का?" मॅडमनी विचारलं.

"भ्या न्हाई मॅडम. कोयत्याच्या टप्प्यात उभं ऱ्हायचं न्हाई, आई सांगती."

मॅडमनी सगळं काम थांबवून पोरांना तिच्याकडं बघायला लावलं. "बघा. हिच्या आईची अन् माझी ओळख न्हाई, पर आमी दोघी एकाच शाळेत शिकलेल्या दिसताव," म्हणाल्या. रेणुका लाजून लाल झाली. पण पोरीचा हात विजेसारखा आणि डोकं त्याहून पुढं. त्यामुळं घाई ही तिची जुनी खोड. "जरासंच" हा शब्द तिच्या तोंडात बसलेलाच होता. पहिल्या वर्षी लिंबाखालचा कट्टा तिनंच झिजवला म्हणायला हरकत नाही. तिथं बसून ती वहीत गाडीची चाकं, दांडे, पकडीचा हात असलं काय काय काढायची आणि आत बोलावलं की त्यातलं निम्मं खरंच करून दाखवायची. टीमची कप्तान तीच झाली. फक्त दुसऱ्याला लिंबाखाली धाडायची वेळ आली की ती गप्प. पोरगा मोठ्या घरचा असला, वरच्या वर्षाचा असला, की ती मान खाली घालून बघत राहायची. मॅडमना हे दिसायचं.

मग ती खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या अवजारांची पूजा होते. घरात कोयता, कुदळ, ट्रॅक्टर. कॉलेजात मशीन. त्या वर्षीही पोरांनी सगळ्या मशीन पुसून कुंकू लावलं, नारळ फोडले आणि झेंडूचे हार घातले. लेथला हार, ग्राइंडरला हार, आणि ड्रिल मशीनच्या बरोबर त्या फिरणाऱ्या डोक्याला, जिथं छिद्र पाडायचं पातं बसवतात, तिथं सगळ्यात मोठा हार. मॅडम त्या दिवशी भावाकडं नांदूरघाटला गेल्या होत्या. दसरा झाला. दसऱ्यानंतरच्या सकाळी एक वरच्या वर्षाचा पोरगा लवकर आला. "हार असू द्या, देवाचा हाय, जरासंच काम हाय," म्हणत त्यानं हार बाजूला सारला आणि बटण दाबलं. रेणुका तिथंच होती. तिनं ऐकलं. आणि ती गप्प बसली.

हार सरकून परत आला. पुढं जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. झेंडूच्या पाकळ्या छतापर्यंत उडाल्या, आतला सुती दोरा ताणत, गुंडाळत असा आवळला की त्यानं पोराच्या शर्टाची बाही सोबत ओढली. बाही फाटली म्हणून हात वाचला. कुणीतरी विजेची मेन बंद केली. पोरगा जमिनीवर बसून थरथरत होता, अंगभर पिवळ्या पाकळ्या.

मॅडम आल्या, त्यांनी आधी त्या पोराची बोटं बघितली, एकेक दाबून बघितलं. मग त्याला घट्ट धरलं. पाच मिनिटं तरी सोडलं नाही. मग उठून मशीनवरचा तो दोरा हळूहळू उलटा फिरवून काढला. पिळून तारेसारखा कडक झालेला. तो त्यांनी दाराशी, फळीच्या वर खिळा मारून अडकवला. "ह्यो दोरा म्हणजे तुमची मान समजा. येता-जाता बघायचं," एवढंच म्हणाल्या. पूजा काही बंद केली नाही, हे विशेष. दुसऱ्या वर्षापासून पूजा झाली की मेनच्या पेटीला कुलूप, किल्ली मॅडमच्या ॲप्रनच्या खिशात, आणि हार मशीनच्या पायाला, डोक्याला नाही. "देवाला राग येत न्हाई. मी इच्यारलंय," म्हणायच्या.

रेणुकाला त्या काही बोलल्या नाहीत. रेणुकाच बोलली, रडत. "मी ऐकलतं मॅडम. मी त्याला थांब म्हणले न्हाई."

"मग पुढच्या बारीला म्हणशील," मॅडम म्हणाल्या आणि तिला झाडू आणायला धाडलं.

आमची टीम पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला निवडली गेली, तेच मॅडमच्या निवृत्तीचं वर्ष. आमच्या भागातून आजवर कुणी गेलं नव्हतं, त्यामुळं संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब स्वतः वर्कशॉप बघायला आले. दादासाहेब म्हणजे मोठं प्रस्थ. खांद्यावर उपरणं, बोटांत अंगठ्या, मागं-पुढं माणसं, माणसांच्या गळ्यात बोटाएवढ्या जाड चेन. प्राचार्य हात जोडून पुढं, आणि पट्ट्यापाशी मॅडम.

"दादासाहेब, उपरणं अन् अंगठ्या."

एक कार्यकर्ता पुढं झाला, "ओ बाई, कुणाला बोलायलाव, कळतंय का?"

"मशीनला पद कळत न्हाई दादा. मला कळतंय, म्हणून तर सांगायले. तुमचंबी काढा ती साखळी."

दादासाहेब हसले, आणि उपरणं काढून दिलं. एक अंगठी निघेना. माउलीनं धावत जाऊन साबण आणला, आणि आमच्या जिल्ह्यातला एवढा मोठा माणूस माठापाशी उभा राहून बोट चोळत बसला. खुंट्या पुरल्या नाहीत तेव्हा चेनी पोरींच्या ओढण्यांवर अडकवल्या. आत सगळं बघून झाल्यावर दादासाहेब खूश होऊन गेले, पण जाता जाता तोच कार्यकर्ता चेन गळ्यात घालत माझ्या कानाशी म्हणाला, "बाई दोन महिन्यांत घरी जातेत. मंग ह्या खुंट्या अन् बिंट्या काढून टाका सर, शोभत न्हाई."

मॅडमनी ते ऐकलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना हरलेलं बघितलं. वर्कशॉप सुटल्यावर त्या लिंबाखाली बसल्या होत्या. मी शेजारी बसलो.

"सर, खरं सांगा. मी गेल्यावर कुणी ही सवय ठेवील का? मला मशीनची फिकीर न्हाई. फळी काढंल कुणीबी. पर पोरं एकमेकाला थांब म्हणतेल का? का माझ्या आवाजाला भिऊन करतेत हे सगळं, अन् आवाज गेला की संपलं?"

खोटं बोलून चाललं नसतं. त्यांना खोटं बोललेलं लगेच कळायचं. "बघू," म्हणालो. त्यांनीही मान हलवली. त्या दोन महिन्यांत त्या पोरांकडं फार बारकाईनं बघायच्या, कमी बोलायच्या आणि हाळीही कमी द्यायच्या. दाराशी उभ्या राहून वाट बघायच्या, कोण आपणहून गळ्याला हात लावतंय ते.

आणि योगायोग असा की मॅडमचा निरोप समारंभ आणि टीमचं पुण्याला निघणं एकाच सकाळी आलं. मांडवात शाल, साडी, नारळ, भाषणं. दादासाहेबांनी गुलाब-झेंडूचा गुडघ्यापर्यंत येणारा हार मॅडमच्या गळ्यात घातला. मॅडम साडीत, डोक्यावर टोपी नाही, पाठीवर वेणी, हातात हिरव्या बांगड्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. भाषण करायला उभ्या राहिल्या आणि त्यांना बोलताच येईना. "पोरांची गाडी सुटंल, मला हिथं कावून धरून ठेवलंय," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. मांडवात हशा पिकला, पण त्यांचे डोळे भरलेले होते.

इकडं गाडी दारात, सामान चढलेलं, आणि शेवटचा यंत्रमानव चढवताना ठेच लागून त्याच्या चाकाची पट्टी तडकली. नवी पट्टी होती, पण तिला एक छिद्र पाडायचं राहिलं होतं. पुण्याला दुपारच्या तपासणीच्या आत पोचलं नाही तर स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच आम्ही बाद. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. रेणुका पट्टी घेऊन वर्कशॉपकडं पळाली, आम्ही सगळे मागं. मांडवातून हे दिसलं असावं, कारण आम्ही पोचतोय तोवर मॅडम साडी सावरत, शाल सावरत, आमच्याही पुढं आत शिरल्या.

"आण हिकडं ती पट्टी," त्यांनी रेणुकाच्या हातातून घेतली. "जा तू, चष्मा शोधत बसशील. मीच करते. जरासंच हाय."

पट्टी हातानंच मशीनखाली धरली. शिकंजा नाही, चष्मा नाही. हार पुढं झुकून बरोबर त्या फिरणाऱ्या डोक्याशी लोंबत होता. त्यांचा हात हिरव्या बटणाकडं गेला.

नंतर पोरं म्हणायची, मॅडमनी मुद्दाम केलं, आमची परीक्षा घेतली. मी सांगतो, नाही. मी त्यांचा चेहरा बघितला होता. सकाळपासून मन ठिकाणावर नव्हतं, पोरांची गाडी चुकणार म्हणून जीव वरखाली होत होता, आणि आयुष्यभर ज्या शब्दाला हाकलत आल्या तोच शब्द तोंडातून गेला. त्यांना कळलंसुद्धा नाही. आणि आम्ही सगळे, मला धरून, आ वासून बघत उभे. आघाव मॅडमना थांब कोण म्हणणार?

खट्. मेन बंद झाली. दाराशी पेटीवर रेणुकाचा हात होता.

"मॅडम," तिचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "लिंबाखाली."

मॅडम तशाच उभ्या. मग त्यांनी खाली, आपल्या गळ्यातल्या हाराकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं, आणि भिंतीवरच्या त्या पिळलेल्या दोऱ्याकडं पाहिलं. चेहरा पांढरा पडला.

"कोण म्हणलं?"

"मी म्हणले."

"परत म्हण. मोठ्यानं."

"मॅडम, लिंबाखाली!" रेणुका आता रडायलाच लागली होती.

मॅडमनी पट्टी मशीनवर ठेवली आणि बाहेर गेल्या. कट्ट्यावर बसल्या. माठातून पाणी घेतलं. दादासाहेब, प्राचार्य, सगळा मांडव लांबून हे बघत होता आणि कुणाला काही समजत नव्हतं. आतून मी बघत होतो, त्यांनी हार उतरवून मांडीवर ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. हसतही होत्या. मला तर तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला, आणि रेणुकाचा त्याहून जास्त.

रेणुकानं टोपी घातली, चष्मा लावला, बांगड्या खुंटीला लावल्या, पट्टी शिकंज्यात आवळली, माउलीला दोन पावलं मागं व्हायला सांगितलं आणि मगच मेन चालू केली. छिद्र पडलं. मशीन बंद, कीस ब्रशानं झाडला, मेन बंद. बाहेर ड्रायव्हरच्या हॉर्ननं आकाश फाटायची वेळ आली होती. मीही आतून ओरडायच्या बेतात होतो, पण तोंडातून शब्द काढला नाही.

पट्टी बसली, सगळे गाडीत चढले, गाडी हलली. फाटकापाशी पोचलो आणि रेणुका किंचाळली, "थांबवा! मॅडमला आत बोलवायचं राहिलं!"

खरंच, त्या अजून लिंबाखालीच बसून होत्या. ज्यानं धाडलं त्यानंच बोलवायचं, त्याशिवाय उठायचं नाही. रेणुकानं खिडकीतून डोकं बाहेर काढून अख्ख्या कॉलेजला ऐकू जाईल असा आवाज दिला, "मॅडम, या आता!"

मॅडम उठल्या. हार हातात घेतला. वर्कशॉपच्या दाराशी गेल्या, पिवळ्या पट्ट्यापाशी थांबल्या, मंगळसूत्र काढून पहिल्या खुंटीला लावलं, हार दुसऱ्या खुंटीला, बांगड्या तिसरीला. मग वळून आमच्याकडं बघितलं. गाडीतल्या पोरांना काय सुचलं कुणास ठाऊक, सगळ्यांनी खिडक्यांतून दोन्ही हात बाहेर काढले आणि दहाही बोटं फाकवून वर धरली. गाडी वेग घ्यायला लागली होती.

"हात आत घ्या बे!" लिंबापलीकडून मॅडम गरजल्या. "चालत्या गाडीतून हात बाहेर काढतेत का?"

त्यांची हाळी पुरी व्हायच्या आधीच मागच्या बाकावरून माउली ओरडला होता, "आत! सगळे हात आत!" आणि सगळे हात आत आले.